फौजदारीण

आमच्या बायकोचा कुणावर विश्वास नव्हता. माझ्यावर तर नव्हताच. दूधवाल्याच्या मापात ती बोट घालून बघायची, मी फूलबाजारातून परतलो की तोंडाचा वास घ्यायची, आणि कुणी फार गोड बोललं की म्हणायची, "एवढा गूळ लावतोय म्हंजे खाली कायतरी कडू हाय." गावात तिला फौजदारीण म्हणत. तिला ते आवडायचं.

नाशिकजवळ आमचं शेवंतीचं आणि झेंडूचं रान. मी चौथी शिकलेला माणूस, मला नटवून लिहिता येत नाही. ती जाऊन वर्ष व्हायचंय. लोक मेलेल्या माणसाला देव करतात. ती देव नव्हती, संशयी बाई होती. मी तेच लिहिणार.

आमची नात सोनी. तिची आई लवकर गेली, बाप गाडीवर असतो, म्हणून पोर हिनंच वाढवली. सोनी नववीत असताना शहरातून एक ताई दर शनिवारी समाजमंदिरात यायला लागली. पोरींना जमवायची, पाळीचं समजावून सांगायची, पॅड वाटायची. फौजदारीण पहिल्याच शनिवारी दारात जाऊन उभी.

"फुकट का देता?"

"पोरींची शाळा बुडू नये म्हणून, मावशी."

"आमच्या पोरींच्या शाळेचं तुमाला काय पडलंय? मतं पायजेत का?"

ताई हसली. "मतं नकोत. तुम्ही पण आत बसा."

"बसतेच. दारातून नीट ऐकू येत नाय."

घरी येऊन तिनं एक पॅड विळीवर उभं चिरलं. आतलं चिवडलं, बादलीत भिजवलं, हुंगलं. "कायतरी मसाला घातला असंल," म्हणाली, "पोरींनी परत परत मागावं म्हणून. तुमाला काय वाटतं?"

"मला यातलं काय कळतं?"

"तुमाला कशातलंच कळत नाय."

पण सोनीला तिनं अडवलं नाही. तिची स्वतःची शाळा त्या दिवसांपायीच सुटली होती. कपड्याला डाग लागला, पोरं हसली, ती परत गेली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्याकडं एक रीत होती. पाळी आलेल्या बाईनं फुलांच्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही. फुलं देवाला जातात, शिवाय झाडं करपतात म्हणत. त्यामुळं कोण कधी बाजूला बसली हे सगळ्या शिवाराला ठाऊक. जी तोडणीला नाही ती बसलेली. फौजदारिणीच्या डोक्यात तर साऱ्या आळीचं पक्कं असायचं.

सोनीची बारावी झाली. अंबडला कारखान्यांच्या वसाहतीत एक केंद्र आहे, तिथं पोरींना इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग शिकवतात, पुढं कंपनीत लावून देतात, असं ताईनं सांगितलं. सोनीनं नाव दिलं. दिवाळीनंतर जायचं ठरलं, आणि आमची म्हातारी एकाएकी गप्प झाली. एका संध्याकाळी मला गोठ्यामागं ओढून म्हणाली, "पोर दोन महिने झालं बसली नाय."

"मग?"

"मग काय मग? पोट राह्यलंय. स्टॉपवर तो मोबाइलच्या दुकानातला पोरगा हसतो तिच्याकडं, मी बघितलंय. आता कसलं अंबड आन कसलं काय. भावाला सांगते चांदवडला, रविवारी पाव्हणे घेऊन ये. उरकून टाकू लगीन."

दुसऱ्या दिवशी मीही त्या पोराकडं डोळे वटारून बघून आलो. तो बिचारा माझ्याकडं बघूनही हसला. त्याचं तोंडच तसं होतं.

शनिवारी तिनं ताईला आणि सोनीला घरात घेतलं आणि दार लावलं. मला ओट्यावर बसवलं, पण आमच्या दाराला फटी आहेत.

"कुणाचं हाय?"

"काय कुणाचं?" सोनीचा आवाज.

"तू बसली नाय दोन महिने."

मग सोनी रडत म्हणाली, "आजी, मला पाळी येतीय. मी सांगितलं नाही. दसऱ्याची तोडणी, रानात तुम्ही दोघंच. पॅड असतं, काही होत नाही. मी बसून काय करू?"

"म्हंजे तसलीच वाफ्यात गेलीस?"

"हो."

"आन ती फुलं देवाला गेली?"

"गेली."

ताई काही बोलायला गेली तर ही म्हणाली, "तुमी थांबा, बाई."

दार उघडून ती तरातरा रानात गेली. शेवंतीची ओळ न् ओळ बघितली, पानं उलटली, बुंध्याची माती उकरली. मी मागं उभा. शेवंती भरगच्च होती.

"करपलंय का काही?" मी विचारलं.

"नाय." हातची माती झाडत म्हणाली, "म्हंजे मला जन्मभर उगाच बसवलं. सासूनं मला, तिच्या सासूनं तिला. एकीनंबी तपासून बघितलं नाय."

तिनं भावाला फोन केला. "येऊ नको. पोरीला शिकायचंय." तो चिडला. "चिड," म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणून अंबडवर विश्वास बसला असं नाही. सोनीच्या आधी ती स्वतः तिथं जाऊन आली. शिकवणाऱ्या सरांना नाव-गाव विचारलं, मग बायकांचा संडास दाखवा म्हणाली. आतून कडी नव्हती. "कडी बसली की पोर पाठवते," एवढं बोलून ती परत आली. कडी बसली, मग सोनी गेली. वर्षाच्या आत तिथल्याच एका कंपनीत लागली.

गेल्या थंडीत म्हातारी अंथरुणाला खिळली. शेवटच्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. सोनी रात्रपाळी करून कंपनीच्या कपड्यांवर तशीच आली. वाटीत पाणी घेऊन आजीच्या तोंडाशी वाकली, तेवढ्यात चांदवडची मेहुण्याची बायको हळूच म्हणाली, "थांब गं. तुला अडचण नाय ना?"

सोनीचा हात थबकला. तिला खोटं बोलता येत नाही. म्हातारीची वाचा गेली होती, आणि मी बायकांच्या बोलण्यात कधी पडलेलो नाही.

"हे या घरात विचारत नाहीत," मी म्हणालो. "पाज, सोने."

सोनीनं पाणी पाजलं. मेहुण्याची बायको उठून बाहेर गेली. म्हातारीनं मान कलती करून माझ्याकडं बघितलं. हा माणूस खरंच बोलला का, अशी शंका होती तिच्या डोळ्यांत.