मे महिन्यातली सलई

आमच्या ऑफिसात जंगल वाढेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण किस्से पाणी न घालता वाढतात. मी जर्मनीत जंगलाचं शिक्षण घेऊन बुऱ्हाणपूरला परतले, ती इथलं जंगल वाचवायलाच. जिल्ह्याचा दहा वर्षांचा वन-आराखडा लिहिणाऱ्या टीममध्ये कंत्राटी नोकरीही मिळाली. जंगलाचं अजून चालू आहे. तोवर किस्से ऐका.

*

पहिल्याच आठवड्यात बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेड क्लार्कनी, हवामान बदलाचा चॅप्टर माझ्या हातात ठेवला. तयार होता. समुद्राची पातळी वाढल्यास खारफुटी कशी वाचवावी, यावर त्यात पानंच्या पानं होती.

"बाबूजी, हे किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी जिल्ह्याचं उचललंय. आपल्याकडे समुद्र कुठंय?"

"राजघाटावर तापी आहे ना? ती जाते समुद्रालाच."

मी चॅप्टर काढून टाकायचा हट्ट धरला. बाबूजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बेटा, कागद कमी पडला म्हणून सस्पेंड झालेले लोक मी पाहिलेत. जास्त झाला म्हणून आजवर कोणी नाही. राहू दे."

बुऱ्हाणपूरची खारफुटी सध्या सुरक्षित आहे.

*

आता माझा स्वतःचा पराक्रम.

सोलर पार्कची वीज नेणारी मोठी लाइन आमच्या भागातून जाणार होती. लाइन टाकणाऱ्या कंपनीला आम्ही झाडं नसलेल्या टेकड्या दाखवून द्यायच्या होत्या. ते काम माझ्याकडे आलं. मी उपग्रहाचे फोटो मागवले. पावसाळ्यातल्या फोटोंत नुसते ढग. मे महिन्यातला फोटो मात्र धुतलेल्या काचेसारखा. मी तोच घेतला, नकाशा केला, आणि एक अख्खी टेकडी 'वृक्षविरहित' म्हणून रंगवली. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये नकाशा वर धरून दाखवला आणि सही ठोकली. लाइन त्या टेकडीवरून सरळ पलीकडे गेली, कागदावर.

दोन दिवसांनी सुपडूभाऊ ऑफिसात आले. ते दापोऱ्याचे, आणि त्या टेकडीचे नाकेदार. वनरक्षकाला इथं सगळे नाकेदारच म्हणतात. नकाशावर त्यांनी आपली टेकडी बोटानं शोधली.

"मॅडम, इथं सलईचं जंगल आहे."

"फोटोत तर काहीच नाही, भाऊ."

"फोटो कधीचा?"

"मेचा."

"मे मधी सलई एक पान ठेवत नाही अंगावर. तुम्ही उन्हाळ्याच्या छुट्टीत स्कूल बघायला गेल्या, आन् लिहून दिलं की इथं पोरंच नाहीत."

जर्मनीत मे महिन्यात सगळं हिरवंगार असतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

*

चूक माझी, म्हणून नकाशा दुरुस्त करायलाही मीच धावले. बाबूजींनी फाइल उघडली, सहीवर बोट ठेवलं आणि फाइल मिटली.

"मंजूर नकाशात झाड उगवत नाही, बेटा."

"पण टेकडीवर आहे ना."

"टेकडीवर असू दे. मी कुठं नाही म्हणतो? नकाशात यायचं तर वरून समिती येईल, पाहणी करेल, जिवंत झाड आहे असं लिहून देईल. तोपर्यंत ती टेकडी रिकामी."

त्या रात्री मी समितीला अकरा पानी पत्र लिहिलं. उत्तर दीड ओळीचं आलं, त्यातली एक ओळ पत्र मिळाल्याची होती.

*

मधल्या काळात कंपनीनं भरपाई वृक्षारोपणाचा प्रस्ताव पाठवला. त्यांचा इंजिनियर फार सभ्य माणूस. फोपनारची केळी घेऊन आला होता, सगळ्यांना एकेक दिली. लाइनच्या बाकीच्या वाटेवर जितकी झाडं जातील त्याहून जास्त लावू, म्हणाला.

"जागा कोणती?" मी विचारलं.

"लाइनच्या खालची पट्टी. ती आमच्याकडेच आहे."

"तारांखाली झाड उंच वाढू देतात?"

"छे, छे. दरवर्षी छाटणार. बजेटमध्ये आहे."

सुपडूभाऊ कोपऱ्यात केळं सोलत होते. म्हणाले, "मंग साहेब, मेथीच लावा ना. भाजी तरी होईल."

इंजिनियरनं ते वहीत लिहून घेतलं.

*

अखेर समितीच्या साहेबांचं पाहणीला यायचं ठरलं. मी ऑगस्ट मागितला. त्यांनी मे दिला. ऑगस्टात गाडी टेकडीवर चढत नाही म्हणे.

टेकडीवर सलई उभी होती. पान एक नाही, साल पापडासारखी सुटलेली. साहेबांनी गाडीतून उतरताच जाहीर केलं, "ये तो सब सूखे हैं."

मी पानगळीचं शास्त्र सांगायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात सुपडूभाऊंनी आपला कोयता त्यांच्या हातात दिला.

"साहेब, जरा साल खरवडून पाहा."

साहेबांनी खरवडली. आतून हिरवीगार.

"ठीक है, ये एक ज़िंदा है."

"एकच असेल, साहेब. बाकीची मेलेली असतील."

साहेब पेटले. दुसरं झाड, तिसरं, दहावं. टोपी डोक्यावरून पडली, तरी थांबले नाहीत. शेवटी गोंदानं, म्हणजे सलईच्या डिंकानं, त्यांची बोटं एकमेकांना चिकटली, आणि गाडीचं दार ड्रायव्हरला उघडावं लागलं.

पंधरा दिवसांनी ऑफिसात पत्र आलं. टेकडीबद्दल नव्हतं. सुपडूभाऊंना नोटीस होती. 'पाहणीत चौसष्ट जिवंत सलई वृक्षांच्या सालीला ताज्या जखमा आढळल्या. सदर जखमा गोंदचोरीसाठी केलेल्या दिसतात. संबंधित नाकेदाराने तीन दिवसांत खुलासा सादर करावा.'

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, खुलासा मी लिहिते. कोयता कुणाच्या हातात होता, सगळं लिहिते."

सुपडूभाऊंनी शब्दाखाली बोट फिरवत नोटीस दोनदा वाचली.

"जिवंत लिहिलंय ना मॅडम?"

"हो."

"चौसष्ट?"

"हो."

"खाली सही त्याच साहेबांची? शिक्का बी?"

"हो, पण भाऊ, तुमच्यावर चोरीचा..."

"खुलाशाचं बघू मागून. आधी दोन झेरॉक्स काढा. एक लाइनवाल्यांना द्या, एक त्या नकाशाला टाचा."

बाबूजींनी मान वर केली नाही. ड्रॉवर उघडला आणि स्टेपलर माझ्याकडे सरकवला.