टॉर्चच्या बटणातून बाबा

आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची रोज सकाळी हजेरी होते. डोंगरावरचा रिपीटर आवाज झेलून पुढे फेकतो, आणि नाशिकच्या आमच्या स्वयंपाकघरात वणी, मालेगाव चहाच्या कपापाशी येऊन बसतात. हजेरी घेणारे काका येवल्याचे. त्यांच्या घरातला पैठणीचा माग तेव्हाही खटखटत असतो. तो कुणासाठी थांबवायचा नाही, हा त्यांचा बाणा. लहानपणी मला वाटायचं, ते आवाजच विणतात.

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली, तरी काका त्यांचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, पुकारायचे आणि उत्तर येणार असल्यासारखे थांबायचे. मध्ये कुणी बोलायचं नाही. बाबा डोळे मिटून ती शांतता ऐकायचे. पुढेपुढे मात्र सेट लावला की भिंतीकडे तोंड करू लागले. मला भीती वाटली, की हा माणूस आता आपल्यातून उठून जाणार.

डावा अंगठा शाबूत होता. मोर्स कोड तर त्यांनीच मला शिकवलेला, ताटावर चमचा वाजवून. मी स्वस्तातला, हातात मावणारा सेट आणला, केबलने लॅपटॉपला जोडला आणि त्याच्या चिपमधला प्रोग्रॅम बदलायला बसले. अशा सेटला टॉर्चही असते; तिचं बटण दाबलं की टॉर्चऐवजी मोर्सचा सूर हवेत जावा, एवढंच. एवढंच म्हणता म्हणता आठवडे गेले. मध्येच सेटने मान टाकली. आई म्हणाली, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी चिडून जेवले नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

शेवटी सूर निघाला, पण टॉर्च ऐकेना. सुराबरोबर तीही लागायची. ती चूक काढायला गेले, तर बाबा सेट सोडेनात. दुपारभर छतावर उजेड लुकलुकत बोलत राहिला. मी शेजारी आडवी होऊन थोडं वाचलं, थोडं झोपेत ऐकलं. चूक तशीच राहू दिली.

दुसऱ्या सकाळी काकांनी पुकारलं आणि थांबले. बाबांचा अंगठा हलला. सूर अडखळला, एक अक्षर दोनदा गेलं, पण कॉलसाइन पुरं झालं.

पलीकडे काकांनी माइक धरल्याचं कळलं. मागची खटखट मात्र येत नव्हती.

"ऐकतोय, दादा," ते म्हणाले. "सावकाश होऊ द्या. माग थांबवलाय."