शाळेची आत्या

मासाका शहराच्या वाटेवरच्या आमच्या गावात एसेरी नाम्पीमाला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. लहानथोर सगळे तिला शाळेची आत्या म्हणतात. आमच्याकडे मुलगी लग्नाला आली की तिला चार गोष्टी सांगायच्या त्या आत्यानेच. आईने सांगणं शोभत नाही. एसेरी मात्र मुलींना सोडून त्यांच्या आईबापांना शिकवते, आणि तेही फक्त शाळेपुरतं.

तिची शिकवण सरळ असते. फाटकाशी चोरासारखं उभं राहू नका, आत या. बाईंची, त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारा आणि मग मुद्द्यावर या. आपलं पोर ढ आहे असं आपणहून म्हणू नका, ते म्हणायला जग आहे. स्वतःला वाचता येत नसलं तरी संध्याकाळी पोराला मोठ्याने वाचायला लावा. ऐकता ऐकता केळी सोलली तरी चालतं. तिची स्वतःची पाच मुलं याच शाळेतून पुढे गेली. तोंड फटकळ, पण तिच्या फटक्याने वाट लागली असं एकही पोर गावात दाखवता येणार नाही.

तिला एकदाच कुणी घाम फोडला असेल, तर तो लुब्वामाने. हा विटा पाडणारा, खांबासारखा उंच माणूस. बायको आखातात कुणाच्या तरी घरी कामाला, आणि सहा वर्षांची प्रॉसी बापाजवळ. प्रॉसी घरी पोपटासारखी बोलायची, साबणाच्या वेष्टनावरची अक्षरंही वाचून दाखवायची. वर्गात मात्र वर्षभर तोंडाला कुलूप. तिच्या वर्गाच्या नाकाझिब्वे बाई त्याच वर्षी बदलून आलेल्या. त्यांनी लुब्वामाला किती निरोप धाडले, तो फिरकला नाही. शेवटी त्यांनी एसेरीलाच गाठलं. शुक्रवारपर्यंत घरचं कुणी येऊन बोललं नाही, तर प्रॉसी पुन्हा पहिलीत. जिचा आवाजच ऐकला नाही, तिला दुसरीत कशी घालू, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

एसेरीने भट्टीवर जाऊन लुब्वामाची चांगली हजेरी घेतली. तो मान खाली घालून चिखल मळत राहिला. नंतर येतो म्हणाला, आला नाही. तेव्हा गुरुवारी सकाळी तिने त्याला भाड्याच्या मोटरसायकलवर मधे बसवलं, मागे स्वतः बसली, आणि मुलीला पुढे चालवणाऱ्याच्या टाकीवर. शाळेच्या फाटकात नाकाझिब्वे बाई कुणाशी तरी बोलत होत्या. त्यांची पाठ दिसली मात्र, या गड्याने चालत्या गाडीवरून उडी टाकली आणि शेजारच्या केळीच्या बागेत शिरला. पळता भुई थोडी झाली त्याला.

एसेरी पदर खोचून मागे गेली. तो एका केळीमागे उकिडवा बसला होता, आणि एवढा मोठा देह त्या खोडामागे काही मावत नव्हता.

"दारू प्यायलायस का रे सकाळीच?" तिने विचारलं.

"नाही हो आत्या."

"मग बाई काय वाघ आहेत?"

"वाघ परवडला असता," लुब्वामा म्हणाला. "त्या माझ्या सासूबाई आहेत."

मग सगळं बाहेर आलं. नाकाझिब्वे बाई त्याच्या सासूच्याच गावच्या, तिच्याच कुळातल्या. सख्ख्या नव्हेत, पण आमच्याकडे कुळातली बहीण म्हणजे बहीणच, म्हणून सासूची कुळबहीणही सासूच. आणि जावयाने सासूच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं. राहिला तर हातांना कंप सुटतो, कायमचा. हसणाऱ्याने हसावं, पण हसणारेही सासू दिसली की वाट बदलतात. लुब्वामाची तर पोटापाण्याची सगळी भिस्त हातांवर.

"मग हे आधी सांगायला तुझ्या जिभेला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. मग त्यांनाही अवघड. म्हटलं, एक वर्ष लपून काढू."

एसेरीने कपाळाला हात लावला. तिला राग आला होता आणि हसूही येत होतं, पण त्याहून जास्त तिला हायसं वाटलं. बाप बेफिकीर असता तर तिच्याकडे औषध नसतं. भित्र्या बापावर होतं.

मुलं अजून बाहेर खेळत होती. फाटकातून रिकाम्या वर्गात आलेल्या बाईंना तिने एका दमात सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, शिकलेली बाई, हसून सोडून देईल. नाकाझिब्वे बाईंनी आधी खिडकी लावून घेतली.

"अगं बाई, आणि मी त्याला समोर बोलावत होते," त्या म्हणाल्या. "कुठे आहे तो? इकडे येत नाही ना?"

"इथे यायचं नाही, भिंतीपलीकडे बसवते," एसेरी म्हणाली. "आपले आजे-पणजे असंच बोलायचे की सासूशी."

अशी ती सभा भरली. बाई आत खुर्चीवर, लुब्वामा बाहेर भिंतीला पाठ लावून मातीत, आणि प्रॉसी उंबऱ्यावर, दोघांनाही दिसेल अशी. आधी खुशाली झाली. सासूजावई वर्षभर साठलेली खुशाली विचारत सुटले: रात्र कशी गेली, शेत कसं आहे, भट्टी कशी आहे. एसेरीला शेवटी म्हणावं लागलं की कोंबड्यांची चौकशी उद्या करा, आज पोरीचं बोला.

बाई म्हणाल्या, "जावईबापू, मुलगी गुणी आहे. पण माझ्याशी बोलत नाही. मी काय केलंय तिचं?"



"तुम्ही काही केलं नाही," लुब्वामा म्हणाला. "मीच तिला सांगितलं होतं, त्या बाईंसमोर घरातलं काही बोलायचं नाही. म्हटलं, आजोळचं नाव निघायला नको."

घरातलं कुठलं आणि शाळेतलं कुठलं, हे सहा वर्षांच्या पोरीने कसं निवडावं? तिने सगळंच बोलणं बंद केलं होतं. आई परदेशात, आणि बापाचा एवढा एकच शब्द हातात. तो तिने वर्षभर पाळला.

"प्रॉसी," बाप बाहेरून म्हणाला, "चुकलं माझं. बोल गं. बाईंना सगळं सांग."

प्रॉसीने बापाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग फळ्यावरच्या ओळी वाचायला लागली. शेळी मक्यात शिरली, आजोबा धावले, शेळी पळाली. खडखडीत वाचलं, एकदाही अडली नाही. फळा संपल्यावर भिंतीवरचे तक्ते वाचले, महिने वाचले, वारांची नावं वाचली. कुणी थांबवलं नाही. बाहेर लुब्वामाचा जीव भांड्यात पडला होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता, तेही लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

"दुसरीत," बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "ऐकलंत ना, जावईबापू? दुसरीत."

प्रॉसी उंबऱ्यावरून उठून बाईंजवळ गेली.

"बाई, बाबांच्या सासू म्हणजे माझ्या कोण?"

"आजी गं," नाकाझिब्वे बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं.