तहहयात अध्यक्ष

शाळेतून निवृत्त झालो आणि महाळुंगे पडवळच्या अलीकडच्या आमच्या गावानं मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. बांधावरची भांडणं कोर्टात जाण्याआधी मिटवायची, हे काम. दर वर्षी ग्रामसभेत मी उठून म्हणायचो, "आता दुसरं कोणी बघा." मग "न्हाई गुरुजी, तुमीच!" असा गलका व्हायचा आणि मी नाइलाज झाल्यासारखा खाली बसायचो. हा नाइलाज मला फार आवडायचा.

यंदा कुजबुज कानावर आली, की तरुण माणूस हवा. म्हटलं, यांना जरा आपलं वजन दाखवू. पुण्यात जुन्या पुस्तकांत मला एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन जज्जाचं चरित्र मिळालं होतं. ग्रामसभेत तेच सांगायला घेतलं. शेतकऱ्याचा पोर, वकिलाच्या घरी राहून कायदा शिकला, खोगिराला पुस्तकं बांधून गावोगाव कोर्ट भरवत हिंडला. मग खुद्द राष्ट्राध्यक्षानं त्याला केंद्राच्या कोर्टात नेमलं, तेही तहहयात. 'तहहयात' म्हणून मी जरा थांबलोसुद्धा.

तिथंच बसायला हवं होतं. पण तोंड सुटलं की मला आवरत नाही. म्हातारपणी जज्ज सुनावणीत घोरायचा, त्याला उठवायला वकील जाडजूड पुस्तक आपटायचे, हेही रंगवून सांगितलं. शेवटी सोबतचाच एक जज्ज घरी जाऊन त्याला म्हणाला, "आता पुरे." सभा खदाखदा हसली, मीही हसलो. हसता हसता आठवलं, गेल्याच महिन्यात दोन भावांच्या बैठकीत मला डुलकी लागली होती. जागा झालो तोवर दोघं आपापसात मिटवून, चहा पिऊन निघून गेले होते.

तरी सवयीनं म्हणालोच, "आता दुसरं कोणी बघा."

गलका झाला नाही. माझ्या हाताखाली शिकलेला, आता मिशा पिकलेला एक शेतकरी उठला. "गुरुजी येवढं मनापासून म्हणत्यात, तर त्यांचा मान राखू या राव." टाळ्या लई वाजल्या. लगेच शाल-नारळही पुढं आले. म्हणजे आधीच आणून ठेवले होते.

घरी बायकोनं शाल पाहिली. "सोडलं का एकदाचं?"

"सोडलं. कोणी मागितलं नव्हतं."

"आवं, लाजत व्हते समदे. दोन वर्षं मलाच म्हनायचे, तुमी सांगा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सभेवरनं आलं की तुमी लई खुशीत असायचा," ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना.