साडेतीनचा चहा आणि नानायचा ठेला

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! ते आपोआप साचतात, स्वयंपाकघरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साचतात ना, तसे. एक दिवस कपाट उघडावं आणि सगळे अंगावर यावेत. आमचं क्लिनिक दुबईत, ऊद मेथाला. तीन खोल्या, एक डॉक्टर, आणि चहा प्यायला एक एवढीशी पँट्री. मी तिथे लॅब टेक्निशियन. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि साडेतीनला चहा प्यायचा. माझे सगळे किस्से त्या पँट्रीतले, आणि बहुतेक सगळे जोसलिनचे.

जोसलिन आमची नर्स. फिलिपिन्समधल्या इलोइलो नावाच्या शहरातली. हात इतका हलका की इंजेक्शन देऊन झालं तरी पेशंट डोळे मिटून बसलेला असतो. मग ती म्हणते, "खलास सर, घरी जा!"

*

नोकरीचा माझा पहिलाच आठवडा. पँट्रीत गेले तर जोसलिन डबा उघडून बसलेली. भात आणि तळलेला मासा. मला बघताच म्हणाली, "काऊन ता, मॅम!" म्हणजे, चला, जेवू या.

मी बसले! नुसती बसले नाही, अर्धा मासा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने दोन डबे आणले, तेव्हा मला वाटलं, काय माणसं आहेत ही!

आठवड्याने रमिलने मला बाजूला घेतलं. रमिल म्हणजे आमचा दुसरा नर्स, तोही इलोइलोचाच. म्हणाला, "मॅम, आमच्यात जेवताना कोणी दिसलं की असं म्हणायचंच असतं. समोरच्याने 'थँक यू, आत्ताच झालं' म्हणायचं आणि पुढे जायचं."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अहो, आमच्या साताऱ्यात तरी दुसरं काय असतं? दारावरून जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणायचं आणि त्याने "चालू द्या" म्हणायचं! हे सगळं शिकूनसवरून मी परदेशात येऊन माती खाल्ली. मासाच खाल्ला म्हणा.

जोसलिनची माफी मागायला गेले, तर ती हसायलाच लागली. "मॅम, दुबईत आल्यापासून मी सगळ्यांना 'काऊन ता' म्हणते. खरंच बसलेल्या तुम्ही पहिल्याच!"

त्या दिवसापासून दोन डबे कायम झाले. फक्त दुसरा मी आणते.

*

आता नानायबद्दल सांगायला हवं. नानाय म्हणजे आई. जोसलिनच्या नानायचा इलोइलोच्या रात्रीच्या बाजारात ठेला आहे. कोळशावर भाजलेल्या काड्या. काडीला चिकन, काडीला कोंबडीची आतडी, काडीला काय काय! वर व्हिनेगर आणि मिरची. आपला साडेतीनचा चहा होतो तेव्हा तिकडे साडेसात वाजलेले असतात, बाजार नुकता भरलेला. जोसलिन रोज त्या वेळेला व्हिडिओ कॉल लावते. नानाय फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवते आणि काड्या उलटत बोलते. आम्हाला अर्धी नानाय, भरपूर धूर आणि गिऱ्हाइकांची पोटं दिसतात. पोटं आम्ही ओळखायला लागलोय. निळ्या शर्टाचं पोट आलं नाही तर रमिल काळजी करतो.

गणपतीत मी उकडीचे मोदक नेले होते. जोसलिनने एक उचलून फोनसमोर धरला. तांदळाची उकड, आत खोबरं-गूळ, असं तिने सांगितलं. नानाय खूश! तांदूळ, खोबरं आणि गूळ त्यांच्याकडेही आहेच की. म्हणाली, जवळ आण. जोसलिनने अजून जवळ नेला. नानायने डोळे बारीक केले आणि काहीतरी बोलली. जोसलिनने मोदक पटकन मागे घेतला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

जोसलिन सांगेना. शेवटी रमिलने सांगितलं, "पारी जाड झालीय म्हणते."

अहो, सकाळी साताऱ्याला फोटो पाठवला होता, तेव्हा सासूबाई शब्दशः हेच म्हणाल्या होत्या! एक सासू आपण कशीही सांभाळतो. दुसरी समुद्रापलीकडून, तीही धुरातून बघून!

*

आमच्या क्लिनिकची गाडी चालवतात ते याकूबभाई. रत्नागिरीचे, वीस वर्षं इथे. घर अल मजाजला, मुली दोन. खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर. थंडीत आम्ही सगळे ममझारच्या पार्कात बार्बेक्यूला जायचं ठरवलं, तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही जावा. मी गाडीतच बसेन. त्यांच्या शेगडीवर काय काय भाजलं असेल, कुणाला ठाऊक?"

हे जोसलिनच्या कानावर गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. पार्कात पोचलो तर दोन शेगड्या. एक जुनी आणि एक कोरी करकरीत, कागदी लेबल अजून चिकटलेलं. चिमटाही नवा. चिकन याकूबभाईंच्याच नेहमीच्या खाटकाकडून आणलेलं. जोसलिन म्हणाली, "सर, ही तुमची शेगडी. हिच्यावर दुसरं काही भाजलेलं नाही, आणि मी भाजू देणार नाही."

याकूबभाई मागे वळले. गाडी लॉक करून आले आणि बसले.

इलोइलोच्या बाजारातल्या काड्यांना गमतीची नावं असतात. कोंबडीचं डोकं म्हणजे हेल्मेट! जोसलिनने काडीला हेल्मेट लावून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी काडीकडे बघितलं, मग आकाशाकडे, मग बिस्मिल्ला म्हणून खाल्लं. एक, मग दुसरं, मग तिसरं.

मी विचारलं, "कसं काय, याकूबभाई?"

"काय सांगू ताई," ते बोटं चाटत म्हणाले, "आमच्याकडे हे मांजरीला टाकतात. आता सुट्टीवर गेलो की त्या मांजरीची माफी मागावी लागणार!"

बाजूच्या टपरीवर असलीच काडी पाच दिरहमला होती. "म्हणजे सव्वाशे रुपये!" याकूबभाई मोठ्याने ओरडले. "हेल्मेटचे? एवढ्यात खरं हेल्मेट येईल!"

*

जानेवारीत इलोइलोत बाळ येशूचा मोठा उत्सव असतो. अंगाला काळा रंग फासून, पिसांचे मुकुट घालून पोरं ढोलावर नाचतात, आणि रात्रभर रस्त्यात खाणं. दुबईतली इलोइलोची मंडळी त्या सुमारास आपापल्या घरची बाळ येशूची मूर्ती सजवून चर्चमध्ये नेतात. एका वर्षी जोसलिन म्हणाली, "मॅम, त्याला नवा झगा शिवायचाय, पण चांगलं कापड मिळत नाही."

मी माझ्या पैठणीच्या ब्लाउजपीसचा उरलेला तुकडा दिला. हिरवा, मोरांच्या काठाचा. तिने रात्री जागून झगा शिवला. काय दिसला म्हणून सांगू! वीतभर उंचीचा बाळ, डोक्यावर मुकुट, पायाशी मोर. मला तर आमच्या देवघरातला बाळकृष्णच आठवला, आणि उगाच डोळे भरून आले.

माझी लेक ईरा सोबत होती. नऊ वर्षांची. इथल्या सगळ्या पोरांसारखी, आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. चर्चच्या आवारात सगळे शांत उभे, हात जोडलेले. आणि ही खणखणीत आवाजात म्हणते, "आई! व्हाय इज ही वेअरिंग युअर ब्लाउज?"

*

आता जरा न हसता सांगते.

आमचं क्लिनिक छोटं. जानेवारीत खोकल्याचे पेशंट रांगा लावतात, म्हणून त्या महिन्यात एका वेळी एकालाच सुट्टी, तीही दहा दिवस. जोसलिनला उत्सवासाठी जानेवारीचा शेवटच हवा असायचा. आणि दर वर्षी कोणीतरी आडवं यायचं. एकदा माझ्या बहिणीचं लग्न. एकदा याकूबभाईंच्या मुलीचं. एकदा रमिलच्या वडिलांचं ऑपरेशन. दर वेळी ही म्हणायची, "तुम्ही जा. उत्सव काय, पुढच्या वर्षीही येतो." स्वतः जायची जुलैत, भर पावसात, ठेला बंद असताना. शेवटची गेली त्यालाही चार वर्षं झाली होती.

मागच्या डिसेंबरमध्ये नानायने काड्या उलटता उलटता सांगून टाकलं. गुडघे संपले. हा उत्सव झाला की ठेला बंद. जोसलिन म्हणाली, "बरं नानाय." फोन ठेवला आणि सिरिंज मोजायला लागली. मोजलेल्याच पुन्हा पुन्हा मोजत होती.

जानेवारीच्या तिन्ही सुट्ट्या तेव्हा दिलेल्या होत्या. पहिली माझी, मधली याकूबभाईंची, शेवटची रमिलची. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप मॅनेजरसाहेबांकडे गेले. म्हटलं, माझी सुट्टी कॅन्सल करा, नवऱ्याला रजा मिळत नाही. रमिलला माझ्या तारखा द्या, म्हणजे त्याच्या रिकाम्या होतील. त्यांनी माझ्याकडे विचित्र बघितलं.

"क्या प्रॉब्लेम है तुम लोगों का?" ते म्हणाले. "सुबह याकूब आया, बोला घर का काम पोस्टपोन. अभी रमिल आया, बोला टिकट महंगा. आपस में झगडा हुआ क्या?"

झगडा! मी हसतच बाहेर आले, तर दाराशी दोघंही उभे. एकमेकांची थाप पकडली गेली होती. शेवटी मी आणि याकूबभाईंनी आपापली सुट्टी ठेवली आणि रमिलची जोसलिनला मिळाली. रमिलला मी म्हटलं, "अरे, तुझीही आई तिथेच आहे ना?"

"माझी आई घरी असते, मॅम," तो म्हणाला. "ती कधीही भेटते. ठेल्यावरची नानाय यंदाच भेटेल."

*

जोसलिनने नानायला सांगितलंच नाही. उलट सांगितलं, सुट्टी यंदाही नामंजूर. नानाय "बरं" म्हणाली आणि काड्या उलटत राहिली.

उत्सवाच्या आदल्या दिवशी जोसलिन तिकडे उतरली. ठरलं असं की साडेतीनला नेहमीसारखा फोन आम्ही लावायचा, म्हणजे नानाय जागेवरून हलणार नाही, आणि जोसलिन विमानतळावरून थेट ठेल्यावर जाणार.

आम्ही तिघं पँट्रीत, एका फोनवर डोकी घालून. नानाय दिसली. आज केसांत फूल, मागे ढोलांचा नुसता दणदणाट. मला बघून इंग्लिशमध्ये म्हणाली, "जोसलिन कुठाय?"

"पेशंटकडे आहे," मी म्हटलं. "पाच मिनिटांत येतेच!" याकूबभाईंनी चहा कधीच खाली ठेवून दिला होता.

नानायने मान हलवली आणि काड्या उलटायला लागली. दर मिनिटाला फोनकडे बघत होती.

तेवढ्यात बाजूने एक टोपीवाली बाई ठेल्यात शिरली. तोंडाला मास्क, पाठीला सॅक. नानायच्या आणि फोनच्या मधेच येऊन उभी राहिली. आमची सगळी स्क्रीन त्या सॅकने भरून गेली. आम्हाला फक्त आवाज येत होते, आणि रमिल भाषांतर करत होता.

"ती दहा काड्या मागतेय," रमिल कुजबुजला. "नानाय म्हणतेय, थांबावं लागेल."

ढोल. मग पुन्हा तो आवाज.

"ती म्हणतेय, फार लांबून आलेय, भूक लागलीय."

मग नानाय चिडून काहीतरी मोठ्याने बोलली. रमिलने तोंडावर हात धरला. मी त्याला हलवलं, "अरे, सांग ना! काय म्हणाली?"

"म्हणाली, 'जरा बाजूला हो गं बाई! आता फोनवर माझी लेक येईल, मला तिचं तोंड बघू दे!'"