करंटला भिणारे थांबाभाऊ

विजेची कामं करणारा माणूस विजेलाच भितो, याची आमच्या गोंडपिपरीकडे फार थट्टा व्हायची. थांबाभाऊ होतेच तसे. प्लग काढून ठेवला तरी ते उठून पुन्हा बोर्डापाशी जायचे, पाहून यायचे आणि बसता बसता परत उठायचे. कुणी मशीनला हात घालायला गेलं की यांचं "थांबा, थांबा" सुरू. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेल तेवढंच, गावानं त्यांना थांबाभाऊ करून टाकलं होतं.

बसस्टँडमागच्या टपरीत ते झटका मशीन दुरुस्त करायचे. जंगलाला लागून शेती असली की डुकरांपायी तारेचं कुंपण आलं आणि त्याला सोलरवरचं हे मशीन आलं. ते थांबून थांबून झटका देतं, त्यानं डुक्कर पळतं, मरत नाही. पण मशीन बंद पडलं आणि धान उभं असलं की माणसाची बुद्धी फिरते. खांबावर आकडा टाकून मेन लाइनच तारेत सोडतात, आजच्या रातीपुरतीच म्हणून. भाऊंचा धाकटा भाऊ चुकलेला बैल शोधायला गेला होता, तो कुणाच्या तरी अशाच तारेला चिकटून मेला. म्हणून आलेलं मशीन त्याच दिवशी चालू करून द्यायचं, हा त्यांचा नेम. जीव आधीच धास्तावलेला, त्यात ही घाई.

आमचं मशीन बंद पडलं तेव्हा धान पिवळं पडायला लागलं होतं. आदल्या रातीच डुकरांनी एक बांधी, म्हणजे धानाचा एक वाफाच, लोळवली होती. दुपारी मी गोठ्यात गेले तर वैरणीमागे आकड्याची वायर गुंडाळून ठेवलेली. पहाटे त्याच बांधावरून आमचा ढोरकी, सोमा, गुरं घेऊन जायचा. बाबांना विचारायची हिंमत नव्हती, मी गुपचूप भाऊंना फोन करून वायरचं सांगितलं.

ते आले तेव्हा उन्हं कलली होती. मशीन उघडून म्हणाले, ट्रान्झिस्टर गेला. बनवणाऱ्यानं त्याचा नंबर घासून टाकला होता, कुणी नक्कल करू नये म्हणून. भाऊंच्या डब्यात जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा एकच मोठा ट्रान्झिस्टर निघाला, आणि नंबर त्याच्यावरचाही पुसलेला. तीन पाय, तिन्ही सारखे. उलटा लागला तर जळणार, आणि दुसरा नव्हता. बाबा अंगणातून खांबाकडे पाहत होते.

"पहिले पाय ओळखा, मंग डाग लावा," भाऊ स्वतःलाच म्हणाले. सोल्डरिंगचा डाग द्यायच्या आधी हे त्यांचं नेहमीचं. मी म्हटलं, मधला पाय कलेक्टर असतो, असं आम्हाला कॉलेजात शिकवलंय. ते म्हणाले, "असते बाई. पण असते म्हणून कसा लावू?" मीटरची लाल काडी एका पायावर धरून काळी त्यांनी बाकीच्या दोन पायांवर फिरवली. ज्या पायावरून दोन्हीकडे मीटरवर आकडा आला तो बेस. राहिलेल्या दोघांत मात्र केसाएवढा फरक, आणि भाऊंचा हात कापला की तोही हलायचा. त्यांनी काड्या उलटसुलट करून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. बाहेर अंधारून येत होतं.

शेवटी त्यांनी बाबांना बोलावलं. भाऊंच्या दोन्ही हातांत काड्या होत्या, बेस आणि लाल काडीचा पाय जोडायला आणखी कुणाचं तरी ओलं बोट हवं होतं. मी पुढे झाले तर मला मानेनंच नको म्हणाले. बाबांनी बोट ओलं केलं, पुढे नेलं आणि चटकन मागे घेतलं.

"यात करंट नाई भाऊ, नुसता सेल आहे," थांबाभाऊ हळूच म्हणाले. "याले भेता, अन् तारेत मेन लाइन सोडून राह्यले?"

बाबांनी बोट पुन्हा ओलं केलं आणि ठेवलं. बाबांचं बोट नांगराला सरावलेलं, हललं नाही. काड्या बदलून दोनदा पाहिल्यावर एका बाजूला आकडा साफ खाली आला. मधलाच पाय कलेक्टर निघाला. मगच भाऊंनी डाग लावला.

मशीन टक टक करायला लागलं. आम्ही सगळे गवताची ओली काडी तारेला टेकवून झटका पाहतो, तेवढ्यानं कळतं. भाऊ कुंपणापाशी गेले, डोळे मिटले आणि त्यांनी तारेवर सरळ तळहात ठेवला. करंटला भिणारा माणूस. अख्खं अंग हिसकलं त्यांचं. मग हात चोळत बाबांना म्हणाले, "आता झोपा निवांत." बाबांनी गोठ्यातली वायर आणून त्यांच्या डब्यात टाकली.

गेल्या हिवाळ्यात भाऊ साध्या तापानं गेले. टपरी बंद आहे. बाबा आजही रोज सांजेला मशीन चालू करतात. आई गवताची काडी पुढे करते, ती ते घेत नाहीत. तारेवर तळहात ठेवतात, दचकतात, हात चोळतात आणि पलीकडच्या झोपडीकडे तोंड करून हाक देतात.

"सोमा, सकाळी बांधावरून जा बापू. म्या हात लावून पाह्यला."