आबांची डिंगी

फौजेतून निवृत्त होऊन आबा, म्हणजे माझे वडील, घरी आले आणि दोन महिन्यांतच उसाच्या ट्रॉलीतून होडी आली. वाईच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठी ती कित्येक वर्षं पालथी पडून होती. कुणा हौशी मंडळींनी शिडाच्या होड्या फिरवायला म्हणून आणलेली. हौस संपली, होडी बाभळीखाली राहिली. आबा पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. वल्हवणं आणि शीड चालवणं ते तिथेच शिकले. त्यांनी ती मागितली, आणि तिथल्या राखणदाराने "न्या, न्हाईतरी जळणालाच जायाची," म्हणून देऊन टाकली.

बारा फूट लांब, सागवानी, फळीवर फळी चढवून केलेली. आबा तिला डिंगी म्हणायचे. आमचं गाव आष्ट्याच्या पलीकडे, कृष्णेच्या अगदी काठाला. नदीपलीकडच्या रानात जायला लोक गुऱ्हाळाची जुनी काहील वापरत. त्या गोल कढईत चार माणसं उकिडवी बसायची आणि एकजण हाताने पाणी मारायचा. डिंगी बघायला अर्धं गाव आलं ते हसायलाच. तिच्या तळात दोन ठिकाणी हात आरपार जात होता.

नाना तेवढे हसले नाहीत. नाना गावचे सुतार, खालच्या आळीला राहायचे. त्यांनी जन्मात होडी बांधली नव्हती. होडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी एका फळीला नख लावलं, नाक टेकवून वास घेतला आणि म्हणाले, "सुभेदार, लाकूड जित्तं हाय. करू की."

चार महिने ते दोघं अंगणात खपत होते. पडक्या देवळाशेजारच्या एका घराचे जुने दरवाजे मोडून त्यातल्या सागाच्या फळ्या बसवल्या. फटींत कापूस ठासून वर राळ आणि जवसाचं तेल भरलं. आईने मांडवाच्या जाड कापडाचं शीड शिवलं, त्यात मशीनच्या तीन सुया मोडल्या. पाण्यात सोडली त्या दिवशी डिंगी चाळणीसारखी गळायला लागली. लोक पुन्हा हसले. आबा म्हणाले, "बुडू दे तिला." तीन दिवस ती काठाशी बुडून होती. लाकूड फुगलं आणि फटी आपोआप मिटल्या. चौथ्या दिवशी पाणी उपसलं तर आत थेंब येईना. खालच्या बंधाऱ्यामुळे आमच्याकडे नदी तळ्यासारखी तुंबते. दुपारचा वारा सुटला की आबा आणि नाना शीड लावून वरच्या वळणापर्यंत जाऊन यायचे. दोघंही एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत.

आबांचा हात चालायचा, हेही सांगायला हवं. एकदा मी चप्पल घालून डिंगीत पाय ठेवला तेव्हा त्यांनी इतक्या जोरात थोबाडीत मारली की माझा ओठ फुटला. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते. आईने ओठाला हळद लावली आणि म्हणाली, "चप्पल काढून जायचं की गं." आमच्या घरात न्याय असा व्हायचा.

पुढच्या वर्षी वाळूवाल्यांनी डिंगी पळवली. भर दुपारी दोघांनी ती सोडवली आणि पलीकडे नेऊन तिच्यात ओली वाळू भरायला लागले. आबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. तसेच उठले, खरकट्या हाताने नदीत उडी घेतली आणि पोहत गेले. नाना लाकूड तासायचा वाकस घेऊन काहिलीतून त्यांच्यामागे निघाले. मी काठावरून बघत होते. आबांनी पाण्यातून वर येता येताच वल्हं उचललं आणि पहिल्या माणसाच्या नडगीवर घातलं. तो ओरडला तो आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला. दुसऱ्याने दगड मारला, आबांच्या कपाळावर बसला. रक्ताने डोळे भरले तरी ते वल्हं फिरवत राहिले. तेवढ्यात नाना पोचले आणि वाकस उगारून मध्ये उभे राहिले. "ह्यो मानूस एकला न्हाई," एवढंच म्हणाले. वाळूवाले पळाले. आबांच्या कपाळाला सात टाके पडले. परत येताना वल्हं नानांनी मारलं, आणि घरी आल्यावर आईने दोघांनाही शिव्या दिल्या.

त्यानंतर माझं शिक्षण पूर्ण झालं आणि मी वाईच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. लग्नही वाईतच झालं. आणि एका नागपंचमीला माहेरी आले असताना महापूर आला.

पाऊस आधीपासून होताच. मग वरून धरणांचं पाणी सोडलं. सकाळी नदी काठाच्या मळीच्या रानात होती, दहा वाजता खालच्या आळीत शिरली, बारा वाजता पाणी दारांच्या चौकटीला टेकलं. सरकारी बोट सांगलीकडे अडकली होती. गावात तरंगणारी वस्तू एकच उरली, आमची डिंगी. काहिली पहिल्याच लोंढ्यात वाहून गेल्या होत्या.

आबा मला म्हणाले, "चल. पुढं बस. भिंतीवर आदळायला लागली की ढकल." माझ्या हातात त्यांनी एक आखूड वल्हं दिलं. आम्ही तीन फेऱ्या केल्या. आई आणि आळीतल्या बायका उंचावरच्या शाळेत पोचल्या. पाण्यातून मेलेली कोंबडी, गॅसच्या टाक्या, कडब्याची एक आख्खी गंज वाहत येत होती. एका गाईचं शिंग डिंगीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर आपटलं. मी तिला वल्ह्याने ढकललं. ती जिवंत होती, माझ्याकडे बघत वाहत गेली.

चौथी फेरी नानांच्या घराची. त्यांची दोन्ही मुलं जनावरं सोडवायला मळ्यात गेली होती आणि तिकडेच एका बंगल्याच्या गच्चीवर अडकली होती. पत्र्यावर नाना, त्यांची बायको, थोरली सून, तिची दोन पोरं आणि शेजारचे म्हातारा-म्हातारी. नानांच्या बायकोला मी काकी म्हणायचे. डिंगीत आम्हा दोघांशिवाय पाचजण बसले तरी फार होते. सहाजण बसले. काठ पाण्यापासून वीतभर वर राहिला.

"नाना, तुमी थांबा. ह्यांना सोडून लगेच येतो," आबा म्हणाले.

"जावा, जावा," नाना म्हणाले. पत्र्यावर मांडी घालून बसले.

आम्ही दहा हात गेलो असू. मागे घराची मातीची भिंत बसली. पत्रा तिरका झाला आणि नाना पाण्यात पडले. नानांना पोहता यायचं, पण त्या पाण्यात पोहणं हा शब्द नव्हता. ओढीने ते सरळ आमच्यावर आले आणि त्यांनी डिंगीचा काठ धरला. माझ्या बाजूचा.

डिंगी कलली. पाणी आत आलं. पोरं किंचाळली. आबा ओरडले, "मागनं धरा नाना! मागनं!" नानांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांचे डोळे नानांचे वाटतच नव्हते. ते वर चढायला बघत होते. एक कोपर आत आलं, आणखी पाणी आलं. म्हातारी माझ्या पाठीवर कोसळली. आबांनी वल्हं उचलून नानांच्या हातावर मारलं. लांबून मारल्यामुळे ते घसरून गेलं. नानांनी हात सोडला नाही.

मग मी मारलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी आखूड वल्हं डोक्यावर नेलं आणि काठावरच्या त्या बोटांवर घातलं. लाकडाखाली काहीतरी मोडलेलं माझ्या हातांना कळलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. हात सुटला. ते वाहत गेले.

काकी माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. नातवाचं तोंड छातीशी दाबून ती बघत होती.

सगळ्यांना उतरवून आबा एकटेच परत गेले. तासाभराने आले तेव्हा नाना डिंगीच्या तळाशी पडलेले होते. चिंचेच्या झाडात अडकले म्हणून वाचले. उजवा हात सुजून काळा पडला होता. चार बोटं मोडली होती, आणि दवाखान्यात पोचायला पुढे चार दिवस लागले.

पूर ओसरला. घरात गुडघाभर गाळ होता. पंधराएक दिवसांनी, सकाळी आम्ही अंगणातला गाळ ओढत असताना नानांची मुलं आली. थोरल्याच्या हातात कुऱ्हाड, धाकट्याच्या हातात पहार. आमच्याकडे न बघता ते डिंगीकडे गेले. कुऱ्हाडीचा पहिला घाव कण्यावर घातला. ओलं लाकूड लवकर तुटेना. थोरला घामाने थबथबला तरी थांबला नाही. बापाने बसवलेल्या फळ्या तो एकेक करून फोडत होता. आबा पायरीवर बसून होते. फळ्या संपल्यावर धाकटा वळला.

"माज्या बाचा हात मोडलास व्हय रं? ह्योच हात हाय नव्हं तुजा?"

आबा उठले. त्यांनी हात पुढे केला, खरंच, तळहात वर करून. पहार हातावर बसली नाही, गुडघ्यावर बसली. आबा खाली पडले तशी दुसरी बरगडीवर. थोरला लाथा घालत होता. आई आडवी आली तर तिला केसांनी धरून बाजूला ओढलं. मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की हात मी मोडला. आबांनी जमिनीवरूनच माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. त्यांच्या तोंडातून रक्त येत होतं. मी गप्प बसले.

पोलिसांना आबांनी सांगितलं, गाळात पाय घसरला. गुडघा कायमचा गेला. डिंगीच्या फळ्या महिनाभर अंगणात पडून होत्या, मग आईने त्या पाणी तापवायला जाळल्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दोन घरांत बोलणं नव्हतं. मी वाईहून यायची, चार दिवस राहायची, खालच्या आळीला न जाता परत जायची. यंदा पंचमीला आले तेव्हा आबा भिंत धरून परसात चालले होते आणि मध्येच दम घ्यायला थांबले. मला ते बघवेना. चप्पल घालून मी सरळ नानांकडे गेले.

नाना ओट्यावर बसले होते. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. रंधा त्यांनी त्यानंतर धरला नव्हता. हात मी मोडला, हे मी उभ्या उभ्याच सांगितलं.

काकी दारात आली. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी हुते की तितं. पोरांच्या हातात कुऱ्हाड हुती, तुजं नाव कसं घिऊ?"

नानांनी डाव्या हाताने ती वळलेली बोटं चाचपली. मग त्यांनी विचारलं, "पयला घाव का दुसरा?"

"दुसरा."

"पयला नुसता चाटून गेला," ते म्हणाले. "दुसऱ्यानं मोडला." आणि मग आवाज चढवून, "म्हंजी सुभेदारानं तुजा मार खाल्ला. आन तू बघत बसलीस."

"व्हय."

"जा. माज्या पोरांना सांग जाऊन."

मुलांचं आष्ट्यात फर्निचरचं दुकान आहे. मी त्याच दुपारी एसटीने गेले. थोरला प्लायवूड कापत होता. मी सांगायला लागले तसं धाकट्याने मशीन बंद केलं. माझं सांगून झालं तेव्हा थोरल्याने माझ्या डाव्या कानावर अशी मारली की मी पत्र्याच्या कपाटावर जाऊन आदळले. कानात शिट्टी वाजायला लागली. तो पुन्हा हात उचलणार तोच धाकट्याने त्याला मागून मिठी मारून धरलं. "दादा, बास," तो म्हणाला. "आपुन त्या म्हाताऱ्याचा पाय मोडलाय दादा." थोरला त्याच्या मिठीत धडपडत राहिला, मग भुशात बसला. मला कुणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. मी निघाले.

घरी येईपर्यंत आबांना कळलं होतं. ते माझ्याशी बोलेनात. आईला म्हणाले, "हिनं माजा मार वाया घालवला." दोन दिवस ते माझ्याकडे पाठ करून जेवले. नानांची मुलं आली नाहीत, नानाही आले नाहीत, आणि मी तशी आशाही धरली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी वाईला निघायची पिशवी भरत होते. आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले,

"कंच्या कानावर मारली?"

"डाव्या."

"ऐकू येतंय?"

"येतंय. थोडी शिट्टी वाजते."

"डाक्टरला दाव," ते म्हणाले, आणि आईकडे कालवणाची वाटी सरकवली.